मागच्याची संमती

कॅप्टन झरीना मुल्लानं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली : मागच्याची संमती बाकी.

"माझ्या विमानात माणूस आजारी आहे. मला मस्कतला उतरायचंय. आत्ता!" ती रेडिओवर इंग्रजीत म्हणाली. मग माइक बंद करून हर्णैच्या मासळी लिलावात ऐकू येतं तसलं काहीतरी मराठीत बोलली.

तिच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर शलाका म्हादये बसली होती. दिल्लीतल्या हवाई मार्ग परवानगी समितीची तांत्रिक सदस्य. पुण्याहून निघालेल्या ह्या विमानाचं उड्डाण बघायचं आणि शेरा द्यायचा, एवढ्याचसाठी ती आली होती. तिला वाटलं होतं, कंटाळवाणा दिवस असेल.

मागं प्रवाशांत बारामतीचे एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर होते. नातवाला बघायला निघालेले. चहाचा कप त्यांच्या हातातून पडला, अर्धा चेहरा लोंबला आणि शब्द फुटेनात. विमानातल्या एका डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की मेंदूत गुठळी आहे, जितक्या लवकर उतराल तितकं बरं.

"संमती न घेता वळलात तर?" शलाकानं विचारलं.

"तर माझे मास्तर वाचतील आणि मागचं विमान पालथं होईल. मागंही माणसंच बसलीत, मॅडम."

झरीनानं विमान वळवलं नाही. मागचं विमान ढगात होतं, ते सावकाश बाजूला सरकत राहिलं आणि मस्कतचे दिवे काचेत अंगठ्याएवढ्या अंतरावर असताना झरीनाचं पुढचं विमान नाकासमोर उडत राहिलं. संमती आली तेव्हा झरीनाच्या कपाळावरून घाम गळत होता. मास्तर वाचले. त्यांची वाचा मात्र गेली ती गेलीच.

हे मागचं आणि पुढचं काय प्रकरण आहे ते आता सांगायला हवं.

विमान उडतं म्हणजे ते हवा खाली ढकलतं. पंखाच्या खाली दाब जास्त, वर कमी. पंखाच्या टोकाशी खालची हवा वर पळायला बघते आणि तिथं भोवरा तयार होतो. आडवा झोपलेला, विमानाच्या मागं कित्येक मैल लांब. ह्या भोवऱ्याची आतली बाजू हवेला खाली दाबते आणि बाहेरची बाजू वर उचलते. मागून येणाऱ्या विमानानं आपला पंख नेमका त्या उचलणाऱ्या बाजूवर टेकवला, तर हवाच त्याला आधार देते आणि त्याचं पुष्कळ इंधन वाचतं. करकोचे आभाळात तिरकी माळ करून उडतात ते ह्याचसाठी. अडचण एकच, की भोवरा डोळ्यांना दिसत नाही. एका पंखाइतकं चुकलं की उचलणारी हवाच विमानाला उलटं करते.

भोवरा पाहणारं यंत्र बनवलं डॉ. इंदुमती रेगे ह्या बाईंनी. विमानाच्या नाकातून लेसरचा झोत पुढं जातो, हवेतल्या धूलिकणांवरून परततो आणि कुठला कण कुठं वाहतोय ते सांगतो. त्यातून भोवऱ्याचं चित्र पडद्यावर उभं राहतं. बाईंनी त्याला साधं नाव दिलं, भोवरदर्शक. हे यंत्र घेऊन त्या आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत जाऊन बसल्या असतील! प्रत्येक ठिकाणी गुळगुळीत खुर्चीतला एक गुळगुळीत साहेब हेच विचारायचा, "बाई, परदेशात कुणी वापरतंय का?" कुणी वापरत नाही म्हटलं की साहेबांचा चहा यायचा आणि बाईंची वेळ संपायची. वीस वर्षं ही लाज आपण चालवली. शेवटी उत्तर युरोपातल्या सोल्वेन एअर ह्या कंपनीनं बाईंना प्रयोगशाळा दिली, माणसं दिली आणि यंत्र विमानावर चढवलं. आता तीच सोल्वेन आपल्या सरकारच्या दारात परवानगी मागायला उभी होती.

मागणी कोड-शेअर मार्गांची होती; तात्पुरत्या परवान्यावर काही फेऱ्या चालूही होत्या. कोड-शेअर म्हणजे विमान एका कंपनीचं आणि तिकीट विकतात दोघंही, आपापल्या क्रमांकानं. पुण्याहून आपल्या सह्यवायू कंपनीचं विमान सुटेल, नागपूरहून सोल्वेनचं. समुद्रावर दोघं जोडी जमवतील आणि सोल्वेनच्या गावापर्यंत जोडीनं जातील. दोन्ही विमानांवर दोन्ही कंपन्यांचे क्रमांक. पुण्या-नागपूरच्या माणसाला मुंबई-दिल्लीच्या रांगा टळणार, तिकीट स्वस्त होणार. चांगलीच गोष्ट. फक्त करारात एक कलम होतं : सह्यवायूचं विमान कायम पुढं राहील, सोल्वेनचं कायम मागं. पुढच्याचं काही वाचत नाही. वर त्यानं धक्के चुकवायचे नाहीत, उंची बदलायची नाही आणि वळायचं झालं तर मागच्याला विचारायचं. यंत्रही मागच्याच विमानावर. सह्यवायूच्या मालकांनी हे कलम वाचलं होतं आणि खुशीनं सही केली होती. गोऱ्या कंपनीचं नाव आपल्या शेपटीवर लागतंय ह्याचाच त्यांना कोण आनंद!

आणि शलाकाची पंचाईत अशी, की इंदुमती रेगे ह्या तिच्या बाई होत्या. हवेचं शास्त्र तिला त्यांनीच शिकवलं होतं.

*

"ये. चप्पल आत आण, कुत्रं पळवतं," बाई म्हणाल्या.

कोथरूडचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणाच्या टेबलावर भोवरदर्शकाचा पहिला नमुना पडलेला, बाईंनी स्वतःच्या हातानं जुळवलेला. त्यावर पापड वाळत होते.

"बाई, यंत्रावर पापड?"

"गरम होतं ते. तसा तरी उपयोग." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मास्तरांचं कळलं मला. तू नकार लिहिणारेस."

"काय लिहू मग? संमतीचं कलम काढा म्हणून सांगा ना तुमच्या लोकांना."

"कलम वकिलांनी नाही लिहिलं, हवेनं लिहिलंय. पुढचा अचानक वळला तर त्याचा भोवरा मागच्याच्या अंगावरून फिरतो. मागच्यानं आधी बाजूला व्हायलाच हवं."

"पण मागचे कायम तेच का? पाळी लावा. अर्धी वाट ते पुढं, अर्धी वाट आपण."

"अदलाबदल करताना भोवरा ओलांडावा लागतो. मी सगळे रस्ते काढून पाहिलेत. बाजूनं गेलं तर वेळ फार, मागं पडून गेलं तर त्याहून जास्त. नाही जमत, शलाका."

शलाकानं यंत्रावरचा एक पापड उलटला. मग तिनं मनातलं बोलून टाकलं. "मी नकार दिला तर तुमचं यंत्र?"

"सोल्वेन हा धंदाच बंद करील. दुसरं कोण घेणार? आपले साहेब?" बाई हसल्या, त्या हसण्यात वीस वर्षांचा कडू काढा होता. "माझं वय बघ. आता पुन्हा पहिल्यापासून होणार नाही. पण म्हणून तू होकार लिहायचा नाहीस. तसला शेरा तू माझ्यासाठी लिहिलास, तर तुला मी काय शिकवलं?"

निघताना त्यांनी तिच्या हातात पापडांची पिशवी कोंबली. शलाका जिना उतरली ती रडू आवरतच.

*

त्या संध्याकाळी तिनं भावाला फोन लावला. सदानंद गावी, संगमेश्वरच्या पलीकडे. बोलणं घरचं, आंब्याचं. बोलता बोलता तो म्हणाला, "ह्या शिमग्यात पालखीला खांदा द्यायला पोरं कमी पडली गो. देऊन देऊन दुखले खांदे."

"दादा, चालत्या पालखीत खांदा बदलता कसा रे तुम्ही?"

"आता तू काय पालखी उचलतेस काय?"

"सांग तर."

"बाजूनं नाय शिरायचं, पालखी कलंडते. खालनं शिरायचं. वाकून दांड्याखाली जायचं, आपला खांदा लावायचा. जुना लगेच सुटत नाय. दोघांचे खांदे लागलेले असतात थोडा वेळ. नव्याच्या खांद्यावर वजन बसलं की मग जुना निघतो. देव हलता कामा नये, बस."

शलाकानं फोन ठेवला आणि हाताला लागेल तो कागद ओढला. बाजूनं नाही, मागं पडून नाही. खालून! लहानपणी पन्नास वेळा पाहिलेलं, आणि इतकी वर्षं डोक्यात आलं नाही! रविवार तिनं आकडेमोडीत घालवला. ज्या उत्साहानं माणूस चूक करतो, तो उत्साह खऱ्या शोधाहून जराही कमी नसतो.

*

सुनावणी दिल्लीत झाली. सोल्वेनच्या बाजूला लिंडहोम नावाचा उंच, शांत माणूस होता, कंपनीचा प्रतिनिधी. त्यानं मास्तरांच्या आजाराबद्दल मनापासून दिलगिरी सांगितली आणि मग सांगितलं की दुसरा मार्ग नाही. बाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. समितीचे अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते; त्यांना परवानगी देऊन जेवायला जायचं होतं.

शलाका उठली. तिनं कागद पडद्यावर लावला. पालखी, दांडा, वाकून खालून येणारा माणूस. मग दोन विमानं. मागचं विमान पुढच्याच्या खालून जातं, पुढं निघतं, आणि पाळी बदलते.

सोल्वेनच्या तंत्रज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं तोंडावर हात धरला. अध्यक्षांनी शेजाऱ्याला विचारलं, "ये डोली क्यों दिखा रही हैं?" आणि खोलीत हसू पिकलं.

"शलाका," बाई मराठीतच म्हणाल्या, "मरशील गं. भोवरा खाली बसत जातो. मिनिटागणिक खाली. तू विमान नेमकं त्याच्या तोंडात घालतेयस."

शलाकाचे कान तापले. बाईंनी दुसऱ्याच तासाला शिकवलेली गोष्ट! पंख हवा खाली ढकलतो, म्हणून भोवराही खाली जातो. पालखी डोळ्यांपुढं ठेवली आणि हेच विसरली. तिनं कागद काढायला हात पुढं केला.

"थांब. काढू नकोस."

बाई उभ्या होत्या. कागदाकडे पाहत होत्या, आणि शलाकानं ती नजर ओळखली. वर्गात फळ्यासमोर त्या अशाच थबकायच्या, आणि मग पोरं श्वास रोखून बसायची. बाई पुढं आल्या. त्यांनी तो कागद काढला, उलटा केला आणि डोकं खाली पाय वर असा पुन्हा लावला.

"पालखीचं ओझं वरून खाली येतं, म्हणून माणूस खालून शिरतो," त्या आता इंग्रजीत, सगळ्यांना सांगत होत्या. "विमानाचं ओझं हवा खालून पेलते. त्याची घाण सगळी खाली सांडते. म्हणून वर स्वच्छ आहे. मागच्यानं वर चढायचं. वारा ज्या दिशेला वाहतोय त्या अंगानं पुढं जायचं, म्हणजे त्याचे स्वतःचे भोवरेही पुढच्यापासून लांब वाहून जातील. मग पुढं उतरायचं. झाली पाळी. आणि ऐका, मागचा वर उचलला गेला की त्याच क्षणी पुढचा मोकळा. त्याला वाट पाहत राहायचं कारणच नाही. ते मास्तर बोलत घरी गेले असते."

लिंडहोम हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर रेगे, हा मार्ग तुमच्या अहवालात नव्हता."

"तुम्ही मला सगळ्यात कमी इंधनाचा मार्ग शोधायला सांगितलं होतंत. वर चढायला इंधन लागतं. काही काळ दोघांनाही आपापलं पूर्ण वजन पेलावं लागतं. तेव्हा मी वर पाहिलंच नाही. ही मुलगी खाली पाहत होती, म्हणून मला वर दिसलं."

"तुम्ही आमच्या सल्लागार आहात."

"म्हणूनच सल्ला देतेय."

खोलीत कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर ज्या माणसाला आयुष्यभर आपल्याच लोकांनी दारातून परत पाठवलं, त्यानं आपल्यासाठी उघडलेलं एकमेव दार असं स्वतःच्या हातानं लोटून द्यावं, ह्याला छाती लागते. ती त्या खोलीत त्या दिवशी एकाच माणसाकडे होती आणि ती नऊवारी-पाचवारीच्या वादात न पडता पंजाबी ड्रेस घालून आलेली, एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी बाई होती.

अध्यक्ष म्हणाले, "हे सगळं कागदावर. प्रत्यक्ष करून कोण बघणार?"

"मी मागच्या विमानात बसते," बाई म्हणाल्या.

"मी पुढच्या," शलाका म्हणाली.

सोल्वेननं दुसऱ्याच दिवशी बाईंचा करार संपवला. शलाकानं त्यांचं नाव समितीची तज्ज्ञ म्हणून घातलं. परवानगी त्या एका उड्डाणावर अडकली. जमलं तर पाळी लावून मार्ग सुरू, नाही जमलं तर नकार, आणि मग भोवरदर्शक पापड वाळवायला मोकळा.

*

उड्डाण सकाळचं होतं, प्रवाशांविना. सह्यवायूच्या विमानाच्या नाकात बाईंचा तो पहिला नमुना बसवला होता; पाळी बदलल्यावर आपल्यालाही डोळे हवेत ना! झरीना मुल्लानं त्याच्या पडद्याला बोट लावून पाहिलं.

"मॅडम, ह्याला मेथीचा वास येतोय."

"मेथी-पापड," शलाका म्हणाली.

मागं शलाकाच्या शेजारी, दुसऱ्या घडीच्या खुर्चीवर लिंडहोम होता. ह्या माणसाला शाबासकी द्यायला हवी. मुख्य कचेरीनं मनाई केली असतानाही तो आला होता, आणि पुढच्याच विमानात बसायचं म्हणाला होता. "इथून काय वाटतं ते मी कधी पाहिलंच नाही," एवढंच त्यानं कारण सांगितलं.

समुद्रावर जोडी जमली. मागचं विमान दिसत नव्हतं. पुढच्याला मागचं कधीच दिसत नाही. वारा उजवीकडे वाहत होता. रेडिओवर बाईंचा आवाज आला.

"शलाका, निघतोय आम्ही वर. तुम्ही सरळ राहा. काही झालं तरी सरळ."

"बाई, जपून."

"विमान मी नाही चालवत गं, त्यांचे वैमानिक चालवतायत. मी नुसती मागून सूचना करतेय, वर्गात करायचे तशी."

मग रेडिओ शांत झाला. झरीनाचे दोन्ही हात दांड्यावर, सैल पण तयार. शलाकाच्या डोक्यात आकडे फिरत होते. सगळे बरोबर होते. पालखीचेही तिला बरोबरच वाटले होते, हेही तिला आठवत होतं. विमान एकदा किंचित हललं. लिंडहोमनं खुर्चीची कड पकडली.

"हा धक्का भोवऱ्याचा नाही," झरीना म्हणाली. "साधा वारा आहे."

आणि मग उजव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक पांढरं टोक आलं. नाक आलं, मग लांबच लांब पोट, पंख, पंखाखालची दोन इंजिनं. केवढं ते धूड, आणि आभाळात किती हलकं! सकाळचं ऊन त्याच्या पोटावर खालच्या समुद्राची निळाई उमटवत होतं. ते त्यांच्यावरून, जरा उजवीकडून, अदबीनं पुढं सरकलं. देवाला धक्का लागू नये म्हणून पोरं पावलं टाकतात ना, तसं. माणसानं लोखंडाला असं वागायला शिकवावं! शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"आता वळून बघ," रेडिओवर बाई म्हणाल्या. "कुणाला विचारू नकोस."

झरीनानं शलाकाकडे पाहिलं. शलाकानं मान हलवली. झरीनानं विमान डावीकडे झुकवलं, सरळ मस्कतच्या रोखानं. बटण नाही, पडदा नाही, कुणाची संमती नाही. पंखाखाली समुद्र तिरपा झाला. वरचं पांढरं विमान आपल्या वाटेनं शांत चाललं होतं, त्याचा एक पंखही थरथरला नाही.

"अस्सं!" झरीना ओरडली. "मास्तरांना सांगायला पाहिजे," ती थोड्या वेळानं म्हणाली.

लिंडहोम काचेला नाक लावून वर पाहत होता, पहिल्यांदा विमान पाहणाऱ्या पोरासारखा. "मी कंपनीला सही करायला लावीन," तो म्हणाला. "आणि डॉक्टर रेगेंना परत बोलवायला."

"त्या येणार नाहीत," शलाका म्हणाली. "त्यांचं काम आता इथं आहे. परवानगीत मी दोन अटी घालणारेय. पाळी लागेल, आणि दोन्ही विमानांना डोळे असतील. आमच्या विमानांची यंत्रं त्या पुण्यात बनवतील."

झरीनानं विमान परत वाटेवर आणलं. सोल्वेनचं विमान आता पुढं उतरून, बरोबर उंचीवर उडत होतं. मेथीचा वास येणाऱ्या पडद्यावर भोवरा उमटला. निळा, आडवा, संथ फिरणारा. झरीनानं पंख हळूहळू त्याच्या उचलत्या कडेवर नेला. इंजिनांचा आवाज उतरला. इंधनाच्या खर्चाचा काटा खाली आला. इतक्या फेऱ्यांत तो असा खाली आलेला तिनं कधी पाहिला नव्हता. विमान स्वयंचालकाच्या हवाली करून ती दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवून नुसती बसली.

रेडिओ खरखरला. आता बाई पुढं होत्या.

"काय गं, हलकं वाटतंय?"

"हो बाई," शलाका म्हणाली. "खूपच."

"मग घे जरा विसावा. फार नाही. माझे गुडघे दुखतात, मी जन्मभर पुढं राहणार नाही. पुढची पाळी तुझी. वरून ये. मी सरळ उडत राहीन."